आयव्हीएफने झालेल्या मुलांची पुढची तब्येत : खरंच काही फरक असतो का?

निशिगंधा_बडोदे
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बडोद्याचेच, दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. लग्नानंतर सात वर्षं मूल राहत नव्हतं, यांचा शुक्राणूंचा काउंट कमी होता म्हणून डॉक्टरांनी आयव्हीएफमधलं इक्सी (लॅबमध्ये एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडतात ते) सांगितलं. पहिली ट्रान्सफर (तयार गर्भ गर्भाशयात सोडणं) फेल गेली, दुसरी फ्रोझनची, म्हणजे गोठवून ठेवलेल्या गर्भाची, त्यातून हा. पूर्ण दिवसांचा, ३ किलो ३००, नऊ वर्षांत सर्दी-तापाशिवाय दवाखाना माहीत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेत हेल्थ चेकअप होता. घरी चिठ्ठी आली, बीपी १२४/८२, फॅमिली डॉक्टरना दाखवा. नऊ वर्षांच्या पोराला बीपी? मी हादरलेच. त्यात संध्याकाळी नणंद आलेली, ती पटकन म्हणाली, "त्या इंजेक्शनांनी आणि मशिनींनी झालेलं मूल ना ग, काहीतरी निघणारच होतं." तिच्या मनात वाईट नसतं, पण मी रात्रभर झोपले नाही. मग रात्री दोनला मोबाइलवर शोधायला गेले तर एका ठिकाणी लिहिलंय अशा मुलांच्या रक्तवाहिन्या कडक असतात, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय काहीच फरक नाही.

मला विचारायचंय ते हे, की या मुलांच्या पुढच्या तब्येतीबद्दल नक्की काय कळलंय? आणि बालरोगतज्ज्ञांना आम्ही आजवर इक्सीचं सांगितलेलंच नाही, ते सांगावं का? कोणाचा अनुभव असेल तर प्लीज लिहा.

सुरसागर_काठ
निशिगंधाताई, पहिल्यांदा एक मोठा श्वास घ्या. एका चिठ्ठीवरून मूल आजारी ठरत नाही. जाणकार येतीलच, मी वाचतोय.

पांढरा_कोट_नाही
ताई, मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, बावीस वर्षं झाली. कृपा करून त्या एका आकड्यावर झोप घालवू नका. तुम्हाला तीन प्रश्न विचारते. बीपी घेतला तेव्हा तो कुठून आला होता, ग्राउंडवरून पळत की वर्गात बसलेला? हातावर पट्टा कुठला बांधला होता? आणि किती वेळा घेतला?

पट्ट्याचं एवढ्यासाठी विचारते की शाळेच्या कॅम्पमध्ये एकच पट्टा घेऊन जातात आणि पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना तोच. पट्ट्याच्या आत जी हवा भरायची पिशवी असते तिची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के लागते, आणि पिशवीने दंडाला जवळजवळ पूर्ण वेढा घातला पाहिजे. पट्टा लहान पडला की बीपी खोटा जास्त येतो. गुटगुटीत मुलाला लहान पोरांचा पट्टा बांधला तर १०-१५ ने सहज वाढलेला दिसतो. तुमचा मुलगा अंगाने कसा आहे?

शिवाय मोठ्यांसारखं १२०/८० चं गणित लहान मुलांना लावत नाहीत. वय, मुलगा की मुलगी आणि उंची हे तिन्ही बघून तक्त्यात बघतात. त्या तक्त्यात शंभरातल्या ९५ मुलांच्या वर आकडा गेला, आणि तोही वेगवेगळ्या तीन दिवशी, तरच बीपी आहे म्हणायचं. १२४/८२ नऊ वर्षांच्याला जास्तच आहे, खोटं सांगत नाही, पण आधी नीट मोजून तर घ्या.

निशिगंधा_बडोदे
सिस्टर, किती बरं वाटलं वाचून. तो थोडा गुबगुबीतच आहे हो, आजीचे लाड. विचारलं त्याला, तर म्हणतो "खो-खो चालू होतं, मधूनच लाइनीत उभं केलं". एकदाच मोजलं म्हणे, पट्टा "टाइट" होता.

मांडवीकर
सगळे ताईंना धीर देतायत ते बरोबर आहे पण मी थोडं उलटं बोलणार, राग मानू नका. निसर्ग जिथे थांबतो तिथे आपण पुढे ढकलतो, त्याचा काहीच परिणाम होणार नाही असं कसं म्हणता येईल? आणि समजा नसेलही, तर ज्यांनी लाखो रुपये घेतले त्यांनी मुलं पाच, दहा, वीस वर्षांची होईपर्यंत बघायला नको? आमच्या साडूकडे झालंय हे सगळं. बीटा (दिवस राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला त्या दिवशी पेढे, फोटो, आणि त्यानंतर त्या सेंटरने एकदाही फोन करून विचारलं नाही की बाळ कसं आहे. मला त्या मुलांबद्दल काही म्हणायचं नाही, माझा राग धंद्यावर आहे.

पेट्रीडिश
मांडवीकर, मी या धंद्यातलीच आहे, एम्ब्रियोलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ, म्हणजे एम्ब्रियो, सांभाळणारी), बडोद्यातल्याच एका लॅबमध्ये. तुमचा दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. आमच्याकडे ट्रान्सफरचं रजिस्टर असतं, प्रेग्नन्सीचं असतं, डिलिव्हरीचा कॉलम अर्धा कोरा. पेशंट नऊ महिने दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, माहेरी जातात, फोन बदलतात. शाळेत जाणाऱ्या मुलाची नोंद तर नाहीच नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण "निसर्गात ढवळाढवळ" म्हणजे नक्की काय करतो आम्ही ते कोणी सांगतच नाही.

बीजांड बाहेर काढलं की ते एका डिशमध्ये, तेलाच्या थराखाली, थेंबभर द्रवात ठेवतो. इन्क्युबेटर ३७ डिग्री, आणि ऑक्सिजन चांगल्या लॅबमध्ये ५ टक्के, कारण बीजनलिकेत तेवढाच असतो, बाहेरच्या हवेत २१ असतो. आम्ही सेंट लावून आत जात नाही, लॅबमध्ये ताजा रंग लावू देत नाही, एवढं सगळं नाजूक. साध्या आयव्हीएफमध्ये शुक्राणू आपले आपण आत जातात, इक्सीमध्ये आम्ही एकच निवडून सुईने आत सोडतो. ही पद्धत ब्रसेल्सला निघाली, १९९२ साली पहिल्या यशाचा शोधनिबंध आला. पाचव्या दिवशी गर्भ ब्लास्टोसिस्ट या टप्प्याला येतो, तो फ्रीज करायचा तर उणे १९६ च्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये.

आता परिणामाचं. डिशमधल्या द्रवानेसुद्धा फरक पडतो हे सिद्ध झालंय. नेदरलँड्सला ८३६ जोडप्यांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन वेगवेगळ्या द्रवांत वाटलं, आणि एका गटातली बाळं दुसऱ्यापेक्षा सरासरी १५८ ग्रॅमनी हलकी निघाली. २०१६ ला छापून आलं. मला ते वाचल्यावर दोन दिवस बेचैन वाटत होतं, कारण आम्ही बाटली उघडतो, भाव आणि रिझल्ट बघतो, आणि त्या बाटलीचा ग्रॅमवर परिणाम होतो हे डोक्यातच नसतं.

तसंच फ्रोझनचं. ताज्या ट्रान्सफरची बाळं सरासरीने थोडी हलकी आणि थोडी लवकर होतात, फ्रोझनची उलट थोडी मोठी. ताई, तुमचं ३ किलो ३०० बघून मी मनात हसले, अगदी छान वजन आहे.

आणि एक दुर्मिळ गोष्ट आहे ती लपवत नाही. काही जनुकांवर "हे आईकडून, हे वडिलांकडून" अशी खूण असते, ती खूण पहिल्या काही दिवसांत बिघडू शकते. त्यातून बेकविथ-वीडमान सिंड्रोम होतो, जीभ मोठी, बाळ मोठं, पोटात गाठी होण्याचा धोका. एरवी दहा-चौदा हजारांत एखादं मूल, आयव्हीएफमध्ये काही पटींनी जास्त, म्हणजे तरीही हजारांत एकाच्या आतच. हे जन्मल्यावर लगेच किंवा पहिल्या काही वर्षांत दिसतं. नऊ वर्षांच्या ठणठणीत पोरासाठी हा विषय नाही.

इंदूरची_मामी
पेट्रीडिश, किती छान समजावलंस ग. मी एवढं तर माझ्या सुनेच्या वेळी डॉक्टरांकडूनही ऐकलं नाही.

जुळ्यांची_आई
मी लिहू की नको, तीनदा टाइप करून पुसलं.

माझ्या मुली १२ वर्षांच्या आहेत. ट्रान्सफरच्या दिवशी डॉक्टर म्हणाले तीन टाकू, एक तरी चिकटेल, मी टेबलावर झोपलेली, बाहेर सासूबाई जप करत बसलेल्या, मी कुठून म्हणणार नको एकच टाका. आणि खरं सांगायचं तर जुळी होणार म्हटल्यावर आम्ही नाचलोच, दोन्ही एका खर्चात असं सगळे म्हणत होते.

३२ व्या आठवड्यात झाल्या. १ किलो ४०० आणि १ किलो ६००. ३४ दिवस काचेच्या पेटीत. मी दुधाची वाटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायची, टाके ओढायचे, आणि पेटीच्या गोल भोकातून हात घालून फक्त एक बोट तिच्या तळहातावर ठेवू द्यायचे. तेवढंच बोट ती धरायची. धाकटीच्या डोळ्यांची तपासणी दर आठवड्याला, पडदा सुटेल की काय म्हणून. आज ती चष्मा लावते, अक्षर ओळखायला उशीर झाला, आता व्यवस्थित आहे. मोठी कथ्थक शिकते.

मला कोणी आधी सांगितलं असतं की खरा धोका आयव्हीएफचा नाही, दोन-तीन एकदम टाकण्याचा आहे, तर मी एकच म्हणून अडून बसले असते. ज्या हॉस्पिटलमध्ये झालं त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

पेट्रीडिश
ताई, लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं वाक्य आमच्या लॅबच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. स्वीडनने २००३ पासून जवळजवळ सगळीकडे एकच एम्ब्रियो ठेवायला सुरुवात केली आणि जुळ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं, मूल होण्याचं प्रमाण काही पडलं नाही. बाकीचे फ्रीज करायचे आणि पुढच्या महिन्यात एक. आपल्याकडे पैसे दरवेळी खिशातून जातात, त्यामुळे पेशंटच म्हणतात "मॅडम दोन टाका ने". मी आता एक कागद करून ठेवलाय, त्यावर ३२ आठवडे म्हणजे काय ते लिहिलंय, तो वाचायला देते.

सयाजीबाग_सकाळ
मी निवृत्त शिक्षक, विषय संख्याशास्त्र. वर बऱ्याच गोष्टी आल्यात, मी फक्त आकडे कसे वाचायचे त्यावर बोलतो.

सयाजीबागेत सकाळी सहाला जा आणि फिरणाऱ्यांना विचारा, बीपीच्या गोळ्या कोण कोण घेतं. निम्मे हात वर होतील. मग फिरल्याने बीपी होतो म्हणायचं का? नाही, डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय म्हणून ते आलेत. आयव्हीएफचंही असंच आहे. ज्यांना मूल राहत नाही, ज्यांचं वय ३५-४० झालंय, ज्यांना आधीच साखर, थायरॉइड, पीसीओ (बीजकोशांचा त्रास) आहे, तेच तिकडे जातात. वर्षभर प्रयत्न करून मग आपोआप दिवस राहिले त्यांच्याही बाळांत लवकर जन्माचं प्रमाण थोडं जास्त सापडतं, ट्रीटमेंट काहीच न घेता. म्हणजे दोष सुईचा की ज्या कारणाने सुई लागली त्या कारणाचा, हे वेगळं करणं फार अवघड.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा २०१२ चा अभ्यास घ्या. जन्मजात व्यंगं, ट्रीटमेंटच्या मुलांत ८.३ टक्के, बाकीच्यांत ५.८. वाचून घाबरायला होतं. पण आईचं वय वगैरे धरून गणित पुन्हा मांडलं तेव्हा साध्या आयव्हीएफचा जादा धोका जवळपास उरलाच नाही, इक्सीचा मात्र उरला. तो इक्सीचा की वडिलांच्या शुक्राणूंच्या मूळ दोषाचा, पुन्हा तेच कोडं.

मग हुशार लोकांनी काय केलं, तर एकाच आईची दोन मुलं घेतली, एक ट्रीटमेंटने झालेलं, एक आपोआप. फिनलंडला असं २०१९ मध्ये केलं, एकूण ६५,७२३ मुलांच्या नोंदी. सख्ख्या भावंडांत तुलना केल्यावर वजनाचा आणि लवकर जन्माचा फरक खूपच कमी झाला.

स्वीडनच्या २५ लाखांवर जन्मांत ऑटिझमचं प्रमाण एकूणात वाढलेलं नव्हतं. बौद्धिक वाढीची अडचण किंचित जास्त, लाखामागे वर्षाला ४० च्या जागी ४६, आणि फक्त एकेकटी जन्मलेली मुलं बघितली तर तोही फरक पुसट झाला. जुळ्यांच्या आईंनी जे जिवावर भोगून सांगितलं तेच आकडे सांगतायत. ब्रिटनमध्ये १९९२ ते २००८ ची १,०६,०१३ मुलं बघितली, कॅन्सर १०९.७ अपेक्षित होते, सापडले १०८. पण फ्रोझनच्या मुलांत उत्तर युरोपच्या नोंदींमध्ये थोडं जास्त दिसलंय, २२,६३० मुलांत ४८. हा आकडा लहान आहे, पण डोळ्याआड करण्यासारखा नाही.

मांडवीकर
सर, सयाजीबागेचं उदाहरण एकदम पटलं. पण ताईंचा प्रश्न रक्तवाहिन्यांचा होता, त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

सयाजीबाग_सकाळ
बरोबर पकडलंत. स्वित्झर्लंडच्या एका गटाने २०१२ मध्ये अशा मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तर त्या वयाच्या मानाने कडक दिसल्या. त्याच मुलांना पाच वर्षांनी पुन्हा बोलावून २४ तासांचा बीपी लावला, ५२ पैकी ८ जणांना जास्त, आणि आपोआप झालेल्या ४३ मुलांपैकी फक्त एकाला. ताईंनी रात्री दोनला जे वाचलं ते हेच असणार. काम मन लावून केलेलं आहे पण मुलं पन्नासच.

त्यानंतर २०२३ मध्ये युरोप, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर मिळून १४ ठिकाणची जवळपास ३६,००० मुलं एकत्र केली, त्यात ६५४ ट्रीटमेंटची. बीपी, नाडी, साखर, चरबी, कशातही डॉक्टरने काळजी करावी असा फरक नाही. मोठेपणी बीपी किंचित चढण्याची शक्यता मात्र त्यांनी खोडून काढलेली नाही, म्हणून पुढे बघत राहा म्हणतात. आणि ऑस्ट्रेलियात तर ट्रीटमेंटने झालेली २२ ते ३५ वर्षांची १९३ माणसं प्रत्यक्ष बोलावून तपासली, आपोआप झालेल्या ८६ जणांशी तुलना केली, हृदय-रक्तवाहिन्यांत वाईट काही निघालं नाही.

जगातली पहिली अशी मुलगी, लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८ ची. म्हणजे जगात आज ७० वर्षांचा आयव्हीएफवाला माणूसच नाही. साठीत-सत्तरीत काय होतं ते ही मुलं तिथवर पोचल्यावरच कळणार.

सुरसागर_काठ
लुईसचं नाव निघालंच म्हणून सांगतो. तिच्यानंतर ७० दिवसांत, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्याला दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय. आणि तिचा एम्ब्रियो फ्रीज केलेला होता, ५३ दिवस, म्हणजे ताईंच्या मुलासारखाच फ्रोझन. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, बदल्या केल्या, परदेशी जाऊ दिलं नाही, १९८१ मध्ये त्या माणसाने जीव दिला. मग १९८६ मध्ये मुंबईच्या केईएमला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या हातून हर्षा जन्मली, तीच पहिली म्हणून नोंदली गेली. आनंद कुमारांनी १९९७ मध्ये मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि स्वतःहून जाहीर सांगितलं, पहिला मान माझा नाही, त्यांचा. असा मोठेपणा दुर्मिळ.

माझा मुद्दा एवढाच की फ्रोझनला घाबरून जाऊ नका, पंचेचाळीस वर्षांवर झाली त्याला.

इंदूरची_मामी
दुर्गाची गोष्ट माहीत नव्हती, डोळ्यात पाणी आलं. हर्षाला २०१६ मध्ये स्वतःचं बाळ झालं, तेही हिंदुजा मॅडमच्याच हातून, ते पेपरात वाचलेलं. (बाकी बडोदेकर, तुमच्या गावची सेव उसळ खायला यायचंय एकदा, आमच्या पोह्यांपेक्षा भारी आहे असं कोणी म्हणू नका म्हणजे झालं.)

मांडवीकर
मामी, या की. पोहे घरचे करू, सेव उसळ बाहेरची. तर्री झेपेल ना?

हिरवा_चिवडा
विषय परत वळवतो. मी २५ वर्षांचा आहे आणि मी स्वतः इक्सीने झालेलो आहे. म्हणजे धाग्यात ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यातला एक. :)

तब्येतीचं आधी सांगतो. उंची पाच दहा, बीपी नॉर्मल, वर्षातून दोनदा रक्तदान करतो, दमा वगैरे काही नाही. पण सर म्हणतील एकट्याच्या तब्येतीने काही सिद्ध होत नाही, ते खरंच आहे.

मला दुसरं सांगायचंय. मला हे कसं कळलं माहितेय? मी तेरा वर्षांचा होतो, चुलत भावाची मुंज होती, मी पंगतीत वाढत होतो, हातात जिलबीचं ताट. मागून एक लांबची आत्या कोणाला तरी म्हणाली, "हाच ना तो टेस्ट ट्यूबवाला?" मला वाटलं शाळेतल्या सायन्सच्या प्रयोगाचं काही असेल. घरी येऊन आईला विचारलं तर ती रडायलाच लागली. मग मला वाटलं काहीतरी भयंकर आहे माझ्यात. दोन वर्षं मी त्याबद्दल बोललोच नाही. आईला लाज नव्हती वाटत, तिला फक्त भीती होती की मला वेगळं वाटेल, आणि त्या भीतीमुळेच मला वेगळं वाटलं.

निशिगंधाताई, तुमच्या नणंदेने तुमच्यासमोर म्हटलंय ते एक दिवस त्याच्यासमोर म्हणतील. त्याच्या आधी तुम्ही सांगा.

आणि एक. ब्रसेल्सलाच इक्सीच्या पहिल्या मुलांपैकी ५४ तरुणांची तपासणी झाली, शुक्राणूंचं प्रमाण बाकीच्या मुलांपेक्षा साधारण निम्मं आलं. वडिलांचा दोष मुलात उतरू शकतो. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी स्वतःहून टेस्ट केली. माझं कमी आहे पण ठीक आहे. हे मला माहीत होतं म्हणून मी करू शकलो. माहीत नसतं तर मी पण सात वर्षं देवळात आणि दवाखान्यात फिरलो असतो.

जुळ्यांची_आई
चिवडा, तुला मिठी मारावीशी वाटतेय रे. मुलींना मी अजून सांगितलं नाहीये. आज सांगते.

पेट्रीडिश
+१००० चिवडादादाला. यातला थोडा तांत्रिक भाग जोडते. काही पुरुषांत वाय गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, म्हणून काउंट फार कमी होतो. इक्सीने मुलगा झाला तर तो गळालेला तुकडा जसाच्या तसा त्याच्याकडे जातो. काउंट खूपच कमी असेल तर इक्सीच्या आधी ही टेस्ट करायची असते. ताई, जुन्या फाइलमध्ये तो रिपोर्ट आहे का बघा. नसेल तरी घाई नाही, मुलगा मोठा झाल्यावर त्याने ठरवायचं. पण फाइल फेकू नका.

कायद्याचं पण सांगते. २०२१ चा एआरटी (आयव्हीएफसारख्या ट्रीटमेंटचा) कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्यात सेंटरने नोंदी दहा वर्षं ठेवायच्या आणि मग राष्ट्रीय रजिस्ट्रीकडे द्यायच्या असं आहे. आधीच्या केसेसना त्याचा भरवसा नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या सुरुवातीच्या पाच दिवसांचा कागद तुमच्या कपाटातच आहे, आणि कदाचित फक्त तिथेच.

पांढरा_कोट_नाही
आणि बालरोगतज्ज्ञांना सांगायचंच. लाज कसली? आम्ही केस पेपरवर "३२ आठवडे, जुळं, पेटीत ३४ दिवस" लिहितो तेव्हा ते पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतं. तसंच "इक्सी, फ्रोझन, एकच बाळ, ३ किलो ३००" हे एक वाक्य. त्याने काही वेगळी ट्रीटमेंट होत नाही, पण वर्षातून एकदा बीपी नीट मोजला जाईल.

सयाजीबाग_सकाळ
सिस्टरांच्या मुद्द्याला पुस्ती. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं धरून ठेवली, ती बाळं आता तिशीत आली. त्यातून जगाला कळलं की आपली बाळं २.७ किलोची बारीक दिसतात पण आतून चरबी जास्त, म्हणून पुढे साखर. कोणी तीस वर्षं नेटाने मागे लागलं म्हणून कळलं. आयव्हीएफच्या मुलांमागे असं आपल्याकडे कोणी लागलं पाहिजे. वरचे सगळे आकडे बघा, स्वीडन, फिनलंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया. आपल्या बाळांचं वजन वेगळं, आयांचं खाणं वेगळं, साखरेकडे कल वेगळा. तिथलं उत्तर इथे जसंच्या तसं लागू होईल हे मी तरी लिहून देणार नाही.

मांडवीकर
सर, हेच मी म्हणत होतो हो सुरुवातीला, फक्त रागात म्हणालो. पेट्रीडिश, तुमच्या लॅबला तरी सुरू करा ने. वर्षातून एक फोन. "बाळ कसं आहे, वजन उंची किती."

पेट्रीडिश
उद्या मीटिंगला मांडते. खरंच.

निशिगंधा_बडोदे
धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले, अपडेट द्यायचं होतं.

सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे तीन वेगवेगळ्या दिवशी बीपी मोजून घेतला. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी टेपने दंड मोजला, मग तीन पट्टे काढून त्यातला एक निवडला. पाच मिनिटं शांत बसवलं, पाय जमिनीला टेकत नव्हते तर खाली स्टूल ठेवलं, हात टेबलावर. १०४/६६, १०२/६४, १०६/६८. तक्त्यात नॉर्मल. वजन थोडं जास्त आहे ते कमी करायला सांगितलंय, आजींना पण बोलावून सांगितलं. :)

इक्सीचं सांगितलं. ते म्हणाले, "बेन, नऊ वर्षं का नाही सांगितलं, मी काय खाणार होतो तुम्हाला?" आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. वर्षातून एकदा बीपी, बस.

जुनी फाइल काढली माळ्यावरून. वाय गुणसूत्राचा रिपोर्ट आहे, नॉर्मल आहे. आणि फाइलच्या मागच्या खिशात ट्रान्सफरच्या दिवशी दिलेला फोटो सापडला, काळापांढरा, गोल, आत एका बाजूला दाणे दाणे. मी विसरूनच गेले होते. रविवारी दुपारी त्याला शेजारी बसवून दाखवला. सांगितलं, तू असा होतास, पाच दिवसांचा, आणि मग चार महिने थंड टाकीत आमची वाट बघत होतास. तो फोटो उलटासुलटा करून बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "मला तिथे थंडी नाही वाजली?" मी म्हटलं नाही रे, तुला काही कळायच्या आधीचं आहे ते. तर म्हणे, शाळेत नेऊ का दाखवायला.

नणंदेला पण त्यानेच दाखवला. ती काही बोलली नाही, फोटो हातात घेऊन बसली होती.

हिरवा_चिवडा
नेऊ दिलात का शाळेत?

निशिगंधा_बडोदे
झेरॉक्स दिली. मूळ फोटो फाइलमध्ये परत ठेवलाय, आणि फाइल माळ्यावरून खाली आणलीये.

जुळ्यांची_आई
ताई, तुमच्या बालरोगतज्ज्ञांचं नाव व्यनि करता का? मुलींचा पण बीपी नीट पट्ट्याने मोजून घ्यायचाय.

निशिगंधा_बडोदे
केलाय, बघा.